ऊज्दा ते मघ्निया, मार्गे ट्युनिस

दुकानाच्या पाटीवर अजून विमान आहे,
निळं, वडिलांनी रंगवून घेतलेलं.
त्याचं नाक पूर्वेकडे.
पूर्वेला सरहद्द.
पाटी मी बदलली नाही; रंगारी महाग झालेत.

लाल्ला झुलीखा आल्या मंगळवारी,
शिलाई मशीनच्या तेलाचा वास घेऊन,
बोटात अंगुस्तान तसंच विसरलेलं.
"मघ्नियाचं तिकीट द्या," म्हणाल्या,
जणू कोपऱ्यावरून पाव मागताहेत.
भाऊ तिथे, बेनऔदा. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली,
आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडतात.

मघ्निया इथून तीस किलोमीटरही नाही.
माझे वडील तिथे दाढी करायला जायचे,
सायकलवर. तिकडचा न्हावी स्वस्त होता
आणि गप्पांना बरा.

मी पडद्यावर टाइप करतो.
निघण्याचं ठिकाण? पोचण्याचं ठिकाण?
यंत्राला शेजार हा शब्द माहीत नाही.
आधी कासाब्लांका: पश्चिमेला,
भावाकडे पाठ करून पाचशे किलोमीटर.
रात्र बाकड्यावर.
सकाळी ट्युनिसचं विमान. ते उत्तरेला चढतं,
समुद्रावरून कडेकडेनं जातं,
तापल्या तव्याच्या काठानं मुंगी जावी तसं,
कारण भावाच्या देशाचं आकाश
आमच्या विमानांना बंद आहे.
ट्युनिसला पुन्हा वाट बघणं. मग ओरान.
तिथून टॅक्सी, आमच्याच दिशेनं,
इतकी आमच्या दिशेनं
की चालकाला डुलकी लागली
तर माझ्या दुकानात येऊन धडकेल.

आकडा सांगितला.
त्यांनी अंगुस्तान काढून काउंटरवर ठेवलं.
"तीन लग्नांचे कफ्तान," म्हणाल्या.
त्या दिऱ्हममध्ये मोजत नाहीत.
"हातशिलाईचे."

पूर्वी मी या जागी शिव्या द्यायचो,
राजधान्यांतल्या माणसांना, दोन्हीकडच्या, नावं घेऊन.
आता गप्प बसतो.
वळसा जितका लांब, तितकं माझं कमिशन जास्त.
हे लिहायचं नव्हतं.

"आणि कीसच्या ओढ्यावरून?" मी विचारलं, उगाच.
"जायचो ना. ईदेला. तो पलीकडच्या दरडीवर,
मी अलीकडे, मध्ये कुंपण.
नातवंडं उचलून दाखवायचो, दात पडलेत म्हणून सांगायचो.
गेल्या खेपेला त्याचे ओठ हलले,
आवाज आला नाही.
मी घरी सांगितलं, वारा होता."

हाकेच्या अंतरावर, असं आपण सहज म्हणून जातो.
हाक मारणाऱ्याच्या छातीत किती उरलंय,
ते कुणी मोजत नाही.

मग त्या रमजानाचं बोलू लागल्या, तिकिटाचं सोडून.
रमजानात आमची घड्याळं तासभर मागे घेतात,
त्यांची घेत नाहीत.
संध्याकाळी फोन लावून टेबलावर ठेवायचा,
हरीराच्या वाडग्याला टेकवून.
त्याच्याकडे सात, हिच्याकडे सहा.
आधी फोनमधून त्याच्या मशिदीची बांग येते,
तो खजूर चावतो ते ऐकू येतं,
बी ताटलीत टाकल्याचा टक आवाज.
ही आपला खजूर हातात धरून थांबते.
मिनिटभर.
मग खिडकीतून हिची बांग.
"तो मला चिडवतो," म्हणाल्या,
"म्हणतो, मी कायम तुझ्या आधी."
हसल्या.
मग हसणं तिथेच राहिलं चेहऱ्यावर,
आवरायचं विसरलेल्या कपड्यासारखं.

मी जागा धरून ठेवली. चोवीस तास टिकते.
पैसे बघते, म्हणाल्या, आणि गेल्या;
पाटीखालून, निळ्या विमानाच्या पोटाखालून,
चुकून पूर्वेकडे वळल्या आणि परत फिरल्या.

बुधवार झाला.
पडद्यावरची जागा लाल होऊन निघून गेली.
मी ती परत धरली, स्वतःच्या नावानं,
का ते विचारू नका.

अंगुस्तान अजून काउंटरवर आहे.
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा
बोट घालून पाहिलं.
नखापर्यंतच जातं.